कॉलेजात गेलेली घागर

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला कोणी हसू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि त्यातही एक पावसाळाभर मास्तर नाल्यापलीकडे अडकलेले. अक्षर असं की दुकानदार माझा सामानाचा कागद मलाच वाचायला लावतो. ही वही कोणाला दाखवायची नाही, तेव्हा माफी मागायचंही कारण नाही. पण लिहायला बसलं की भीती आधी येते, शब्द मागून. ताकसांडे मॅडम म्हणायच्या, "शकुनबाई, वाकडं लिहा, पण खरं लिहा." त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे, म्हणजे वाकडं चालेल.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची, रोजंदारीवर. कॉलेज चंद्रपूरहून घुग्घुसला जाणाऱ्या रस्त्याला. दिवसभर कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक. सकाळी पांढरा दिसलेला कुत्रा संध्याकाळी काळा दिसायचा. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि आमच्याच जिल्ह्यातून जाते, म्हणजे दिवसातून दोनदा तरी जातेच. अशा जागी मॅडमनी असं काम काढलं होतं ज्याला धूळ चालत नाही, हादरा चालत नाही आणि लाइट गेलेली चालत नाही. मी एकदा विचारलं, "मॅडम, हे काम पुण्या-मुंबईत नसतं का जमलं?" त्या म्हणाल्या, "जमलं असतं. पण मी इथी राह्यते ना."

मॅडम बुटक्या, किडकिडीत, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकावर झोपलेल्याला उठवणारा. डबा उभ्यानंच खायच्या. कोणतीही गोष्ट विचारली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पाहून सांगते." चहा घेणार का म्हटलं, तरी उठून आधी दूध फाटलं नाही ना हे पाहायच्या. त्यांच्या आईनं म्हणे एकदा लग्नाचं विचारलं होतं. त्यालाही त्या "पाहून सांगते" म्हणाल्या होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत काही सांगितलं नाही.

त्या पाहायच्या यीस्ट. यीस्ट म्हणजे जिलबीचं पीठ रातभर फुगवतं ते. मला वाटायचं ते पीठच फुगतं. मॅडमनी दुर्बिणीतून दाखवलं तेव्हा कळलं की आत साबुदाण्यासारखे जीव असतात. त्यांना पोटभर घातलं की ते नुसतेच वाढतात. उपाशी ठेवलं, की एका पिशवीत चार पोरं करतात. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या वस्तीसारखंच." मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "वस्तीत चारवर थांबत नाईत. यीस्ट थांबते."

मग त्या चार पोरांची पिशवी विरघळवायची आणि एकेक पोर काचेच्या सुईनं उचलून ताटलीत ओळीनं ठेवायचं. सुई केसाहून बारीक. मॅडम स्वतः काचेची कांडी जाळावर धरून ओढायच्या. सुईच्या टोकावर पोर आलं की खोलीत श्वास घ्यायचा नाही. आणि नेमका तेव्हाच रस्त्यावरून ट्रक जायचा. टेबल हलायचं, सुई हलायची, पोर कुठच्या कुठं. मॅडम सुई खाली ठेवायच्या, खिडकीकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "गेला. आता हा कोणाच्या ओळीत बसला, देव जाणे. आणि देवावर तं माझा विश्वास नाई."

म्हणून आमच्या भागात चक्काजाम झाला की सगळा गाव वैतागायचा आणि मॅडमना सण वाटायचा. खाणीत जमीन गेलेले लोक रस्त्यावर बसायचे, ट्रकांची रांग लागायची, कॉलेजला सुट्टी पडायची. मॅडम पदर खोचून, दोन डबे घेऊन पायी यायच्या. एक डबा आमचा, दुसरा रस्त्यावर बसलेल्यांचा. तिथला पुढारी म्हातारा त्यांना ओळखायला लागला होता. "बाई, आज किती वेळ पाह्यजे?" तो विचारायचा. मॅडम म्हणायच्या, "संध्याकाळपर्यंत ताणा, भाऊ." तो म्हणायचा, "आम्ही मागणी मान्य होईपर्यंत म्हणून राह्यलो, अन् तुम्ही संध्याकाळपर्यंतच?" त्यांची मागणी काही मान्य झाली नाही. मॅडमचं काम मात्र बरंच पुढं सरकलं.

आता ते काम काय होतं ते सांगते, मला समजलं तेवढं.

मास्तर शिक्षा म्हणून एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहायला लावतात, तसं यीस्टच्या अंगात एके ठिकाणी एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. ती ओळ तांब्याचं विष पचवायची. जितक्या ओळी जास्त, तितकं ते यीस्ट मोरचूद घातलेल्या निळ्या ताटलीत तग धरणार. पोरं व्हायच्या आधी आईचं पान आणि बापाचं पान शेजारी शेजारी लागतात आणि थोडी अदलाबदल होते. एरवी ओळीला ओळ बरोबर जुळते. पण इथं सगळ्या ओळी सारख्या, मग नजर चुकल्यासारखं एक पान जरा खाली घसरतं. घसरलेलं असतानाच अदलाबदल झाली की एका पोराला ओळी जास्त येतात आणि दुसऱ्याला तितक्याच कमी. एक पोर निळ्यात दांडगं वाढतं, ताटलीत त्याच्या शेजारचं दुसरं मरतुकडं राहतं.

"म्हणजे भावाभावाच्या वाटणीसारखं," मी म्हटलं. "एकाचा बांध सरकला की दुसऱ्याचं वावर कमी."

"तसंच," मॅडम म्हणाल्या. "पण कधी कधी तसं होत नाई, शकुनबाई. हे पाहा." त्यांनी निळी ताटली उजेडात धरली. चार पोरांच्या एका ओळीत एक पोर दांडगं होतं आणि बाकीचे तिघं होते तसेच. कोणीच मरतुकडं नव्हतं. "याचं वाढलं. पण कमी कोणाचं झालं?"

"कोणाचंच नाही दिसत."

"हाव. यानं शेजाऱ्याच्या पानातून पाहून लिहून घेतलं. परीक्षेत कॉपी केली तं ज्याच्या पेपरातून केली त्याचे मार्क कमी होत नाईत ना?" त्या ताटलीकडे अशा पाहत होत्या की मला माझ्या पोरीचा निकाल आठवला. "जगाले हे माझ्या लहानपणापासून माहीत आहे. पण आपल्या मोहाच्या यीस्टले माहीत आहे का, हे कोणी पाह्यलं नव्हतं."

मोहाचं यीस्ट आणायलाच आम्ही भामरागडकडे गेलो होतो. मॅडमना मी सोबत हवी होते, कारण माझं माहेर आलापल्लीकडचं आणि मला तिकडची माडिया बोली थोडीफार कळते. एका गावात बुधरीबाई भेटल्या. मोहाची फुलं पाण्यात घालून आंबवतात, त्याला सडवा म्हणतात. बाकीच्या घरी तो मातीच्या मडक्यात नाहीतर डब्यात. बुधरीबाई मात्र सासूच्या सासूपासून चालत आलेल्या तांब्याच्या घागरीतच घालायच्या. मॅडमचे डोळे चमकले. इतक्या पिढ्या तांब्यात राहिलेलं यीस्ट त्यांना मोरचूदच्या ताटलीत घालून पाहायचं होतं. आणि नुसता सडवा चालणार नव्हता. घागरीच्या आतल्या थराला जे चिकटून होतं, तेच खरं जुनं होतं.

"घागर विकता का, बाई?" मॅडमनी विचारलं. मी माडियात सांगितलं.

बुधरीबाईंनी मान हलवली. विकायची नाही. मग बराच वेळ त्यांनी मॅडमना खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ही बाई घागर कुठं नेणार? मी म्हटलं, कॉलेजात. त्या जराशा हसल्या. त्यांच्या घरातलं आजवर कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "शिकली की आणून दे."

मॅडमनी तरीही पैसे दिले. बुधरीबाई घेईनात. मॅडम म्हणाल्या, "घागर येईपर्यंत ठेवा तुमच्यापाशी." एवढ्यावर त्या कबूल झाल्या. पैसे प्रोजेक्टचे होते, म्हणून पावती लागणार होती. मॅडमनी कागदावर लिहिलं आणि बुधरीबाईंचा अंगठा घेतला. बुधरीबाई आपल्या काळ्या झालेल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, पैसे मी ठेवले तं अंगठा माझा. मंग घागर तिनं ठेवली, तिचा अंगठा कुठी आहे? मी ते मॅडमना सांगितलं नाही. मी तशी कमीच बोलते.

परत येताना नाक्यावर गाडी अडवली. गडचिरोलीत दारूबंदी. डिकीत सडव्याच्या बाटल्या आणि वास मारणारी घागर. शिपाई वाकून वास घेऊन म्हणाला, "काय आहे?"

"यीस्ट."

"पेतात?"

"नाई, पाहतात."

"सगळे पयले पाहतातच, मॅडम."

मॅडम बुद्धाच्या घरातल्या. पंचशील पाळणाऱ्या. त्यांनी आयुष्यात दारूच्या दुकानाकडे तोंड करून कधी रस्ता ओलांडला नव्हता. कोणाला हे सांगितलं असतं तर सोपं झालं असतं. पण त्यांनी पिशवीतली छोटी दुर्बीण काढली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली, थेंबभर सडवा काचेवर घेतला आणि त्या शिपायाला म्हणाल्या, "या, पाहा." शिपायानं पाहिलं. मग दुसऱ्यानं पाहिलं. मग मोटारसायकलवाले थांबले, एका बसचे प्रवासी उतरले. नाक्यावर रांग लागली. शेवटी साहेब आले, त्यांनीही पाहिलं आणि विचारलं, "हे मरत नाईत का आतमंदी?" मॅडम म्हणाल्या, "दारू जास्त झाली की मरतात, साहेब. माणसासारखेच." साहेबांनी गाडी सोडली. जाताना म्हणाले, बाटल्यांवर कागद लावा. मॅडमनी तिथंच चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, 'पाहण्यासाठी'.

इथपर्यंत सगळं बरं होतं. बिघडलं ते खरं लिहिण्यानं.

आमचे हेडक्लार्क नगराळे बाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी मॅडमना आधीच सांगितलं, "मॅडम, खर्चाच्या कागदावर 'तांब्याचे भांडे, प्रयोगशाळेकरिता' इतकंच लिहा. ऑडिटवाल्याले जास्त वाचायची सवय नसते." मॅडम म्हणाल्या, "पण ते नुसतं भांडं नाई ना. नुसतं भांडं पाह्यजे असतं तं मी बाजारातून आणलं असतं." आणि त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'मोहाचा सडवा ज्यात पिढ्यान्‌पिढ्या आंबवला जातो ती तांब्याची घागर'. नगराळे बाबूंनी कागद हातात घेऊन कपाळाला लावला. नमस्कार केला की डोकं धरलं, ते मला कळलं नाही.

त्याच वर्षी मोठ्या शहरातून एक शास्त्रज्ञ काम तपासायला आले. पांढरा शर्ट घालून आले होते, जेवणापर्यंत तो करडा झाला. त्यांनी ताटल्या पाहिल्या, मॅडमच्या वहीत पाहिलं आणि म्हणाले की चार पोरांच्या ज्या ओळींत एकाचं वाढतं आणि दुसऱ्याचं घटतं त्या उत्तम आहेत. पण या दुसऱ्या, ज्यात कोणाचंच घटत नाही, त्या तुमच्या धुळीमुळे झाल्या असतील, वगळून टाका म्हणजे अहवाल स्वच्छ होईल. मॅडम म्हणाल्या, "वगळून स्वच्छ करायचं तं आधी घुग्घुस वगळा, सर." ते हसले. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या चक्काजामला त्या सगळ्या ओळी त्यांनी नव्यानं लावल्या. काही खरंच धुळीच्या निघाल्या. त्या त्यांनी स्वतःच्या हातानं खोडल्या. बाकीच्या तशाच राहिल्या. अहवालात दोन्ही लिहिलं. सरांकडून उत्तर आलं नाही.

ऑडिटचं मात्र आलं. त्यांना नेमकी त्या दिवशी वाचायची सवय लागली होती. घागरीचा खर्च मद्यनिर्मितीच्या साहित्यावर झालेला दिसतो, सबब मॅडमकडून वसूल करावा. मॅडमनी उत्तर लिहिलं. त्यावर पुन्हा शेरा आला. मॅडमनी पुन्हा उत्तर लिहिलं, या वेळी निळ्या ताटलीचा फोटो जोडून. शेरा आला की जोडलेला फोटो दारूचा नसल्याचं सिद्ध होत नाही. वर्षं गेली. मॅडमच्या आईला कुठून कळलं कोण जाणे. ती म्हातारी विहारात जायची बंद झाली. "पोरगी दारूच्या भांड्यात सापडली म्हणून बाया बोलून राह्यल्या," म्हणायची.

रक्कम काही मोठी नव्हती. नगराळे बाबू म्हणायचे, "भरून टाका, मॅडम, सुटा." मॅडम म्हणायच्या, "भरले तं मी कबूल केल्यासारखं होईल. ते मी लिहून देणार नाई."

आणि घागर? घागर प्रोजेक्ट संपल्यापासून भांडारात कुलपात. मॅडमनी ती परत न्यायची म्हटलं तर नगराळे बाबूंनी नियम काढला. घागर कॉलेजच्या मालमत्तेत चढली होती, बाहेर नेता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, घेतली तेव्हा ते प्रयोगशाळेचं सामान नव्हतं म्हणता, अन् परत न्यायची म्हटलं की सरकारी मालमत्ता?" बाबू म्हणाले, "दोन टेबलं वेगळी आहेत, मॅडम. ते टेबल म्हणते दारूचं भांडं. माझं टेबल म्हणते सरकारी भांडं." मग जरा विचार करून म्हणाले, "पैसे भरले तं मात्र दोन्ही टेबलांचा संबंध संपला, घागर तुमची."

मॅडम निवृत्तीला आल्या. थकबाकी नसल्याचा दाखला असल्याशिवाय पेन्शन निघणार नव्हतं. तरी त्या हटल्या नाहीत. मला वाटलं पेन्शनही जाईल आणि यांची अक्कडही जायची नाही.

त्याच उन्हाळ्यात बुधरीबाईंचा पुतण्या दवाखान्याच्या कामानं चंद्रपूरला आला होता. विचारत विचारत कॉलेजात आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "म्हातारीनं निरोप देला. आता तिचं काई खरं नाई. विचारून राह्यली, घागर शिकली का नाई अजून?"

मॅडम हातातली काच पुसत होत्या. पुसतच राहिल्या. मग काच खाली ठेवून म्हणाल्या, "पाहून सांगते." आणि चपला घालून तडक ऑफिसात गेल्या. मी मागे मागे.

"बाबू, चलान काढा."

नगराळे बाबूंनी चष्मा वर केला. "सगळे पैसे?"

"सगळे. व्याजासकट."

"म्हणजे मान्य झालं, मॅडम?"

"चलानवर शेरा लिहायची जागा आहे का?"

होती, बोटभर. मॅडमनी त्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'हे दारूचे भांडे नाही. पैसे भरले कारण भांडे ज्यांचे आहे त्यांना द्यायचे आहे.' बाबूंनी वाचलं. इकडेतिकडे पाहिलं आणि नेमका त्या ओळीवर न पडेल असा शिक्का मारला. इतक्या वर्षांत त्या माणसानं इतकं नेमकं काम केलेलं मी पाहिलं नव्हतं.

भामरागडचा पूल पाण्याखाली जायच्या आधी पोहोचायला हवं होतं. आम्ही बसनं गेलो. मॅडमच्या मांडीवर घागर, चिंच लावून घासलेली. कंडक्टर म्हणाला, "काकू, लग्नाचं सामान का?" मॅडम म्हणाल्या, "नाई, पदवीदान आहे." या वेळी आम्ही दोघी हसलो. नाक्यावर बस थांबली. नवाच शिपाई चढला, घागरीत डोकावला, काही नव्हतं, उतरला. मॅडम जरा हिरमुसल्या.

बुधरीबाई खाटेवर होत्या, वाळून काटकी झालेल्या. घागर पाहून उठून बसल्या. आत हात घालून फिरवला. बोटं हुंगली. तोंड वाकडं केलं.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं, "म्हणतात, शिकवून शिकवून सारं धुऊन टाकलं. आता हिला पहिल्यापासून सडवावी लागेल."

मॅडमनी ओशाळून पिशवीतून एक छोटी कुपी काढली. घागरीच्या जुन्या थरातलं यीस्ट त्यांनी इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं, लाइट जात असताना, धूळ येत असताना. कुपीवर पिवळी पडलेली चिठ्ठी, 'पाहण्यासाठी'. "हे घाला आत," त्या म्हणाल्या. "तुमचंच आहे. मी थोडं माझ्यापाशी ठेवलं, पण तुमचं कमी झालं नाई."

बुधरीबाईंनी कुपी कानाजवळ हलवून पाहिली आणि घागरीत ठेवली. मग पुतण्याला काहीतरी म्हणाल्या. त्यानं आढ्याला खोचलेली बांबूची नळी काढून दिली. बुधरीबाईंनी ती मॅडमच्या ओंजळीत उलटी केली. नोटांची गुंडाळी, धुरानं तपकिरी झालेली. मॅडमनी दिलेले पैसे. घागर आली, मग पैसे गेलेच पाहिजेत. एकही नोट त्यांनी मोडली नव्हती. त्या घरातल्या आजारपणात, पुराच्या दिवसांतही नाही.

मी नोटा पाहिल्या. सगळ्या जुन्या पाचशेच्या. नोटबंदीत कधीच मेलेल्या. पुतण्याही खाली बघत होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

मॅडमनी नोटा गुडघ्यावर ठेवून सरळ केल्या. अंगठ्याला थुंकी लावून एक एक मोजली. मधे कुठंतरी चुकल्या वाटतं, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग वर पाहून म्हणाल्या, "हाव बाई. पुरे आहेत."

बुधरीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तिचा अंगठा."

मी मॅडमना सांगितलं. पावती लिहायला मॅडमनी पेन काढलं. बुधरीबाईंनी हातानंच पेन बाजूला केलं, चुलीवरच्या मडक्याची काजळी बोटानं घेतली आणि मॅडमच्या अंगठ्याला फासली. मॅडम उठल्या, खाटेमागच्या सारवलेल्या भिंतीजवळ गेल्या आणि अंगठा दाबला. जरा जास्तच वेळ दाबून धरला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

बुधरीबाईंनी वाकून पाहिलं. ठसा नीट उमटला होता. त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "झालं. फिटले."